अंगठ्याच्या नखाएवढी जागा

नांदेड
५ जानेवारी २०२५

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार.

आंधळं माणूस म्हणजे नेमकं कोण? आदिनाथदादानं परवा फोनवर मला हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. चार वर्षं डोळ्यांचंच शिकले, आता दवाखान्यात दिवसभर लोकांचे डोळे तपासते, तरीही.

तो म्हणाला, "सुकन्या, एका शब्दात सांग. येळवसीला, मार्गशीर्षातल्या अवसेच्या शेतपूजेला, शेतात सगळे पाहुणे जमले होते, आई कडब्याच्या कोपीत बसून होती. हरभऱ्याच्या पार टोकाला रानडुक्कर शिरलं, ते आमच्या सगळ्यांच्या आधी तिनं बघितलं. आणि तासाभरानं मालविकाची आई तिच्यासमोर येऊन उभी राहिली, तर हिनं मान फिरवली. भरल्या पंगतीत. आता सांग, माझी आई आंधळी आहे की मुद्दाम माझ्या सासूचा अपमान करते?"

"दोन्ही नाही," मी म्हणाले.

"मग शिकलीस काय?" असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

आत्या, दिवाळीनंतर तू तपासायला इथे आलीस तेव्हा माझ्याकडून शब्द घेतलास, की तुझ्या डोळ्यांचं घरात कुणाला सांगायचं नाही. तो मी पाळते आहे. पण तो पाळताना तू भांडखोर ठरते आहेस. दादानं ठरवलंय, आंधळी असशील तर तुला लातूरला नेऊन ठेवायचं आणि नसशील तर तू तुझ्या विहीणबाईंची, सौदामिनीकाकूंची माफी मागायची. मला बोलायची मोकळीक दे.

डॉक्टरांनी तुला घाईत सांगितलं ते मी सावकाश सांगते. हात लांब कर आणि अंगठ्याकडे बघ. धडधाकट डोळ्यालासुद्धा लख्ख दिसते ती त्या नखाएवढीच जागा. बाकी सगळं धूसर असतं, पण डोळा सारखा इकडे तिकडे फिरतो म्हणून आपल्याला वाटतं की सगळंच स्वच्छ दिसतंय. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका असतो. तिथे बघणाऱ्या पेशी रोपाच्या वाफ्यासारख्या दाट असतात. तिथून बाहेर जावं तशा विरळ होतात. अक्षर, सुईचं नेढं, माणसाचं नाकतोंड, हे सगळं त्या वाफ्याचं काम. कडेच्या पेशींना बारीक काही कळत नाही, पण कुठे काही हललं की पहिली खबर त्याच देतात. तुझ्या वाफ्यातलं रोप वाळलंय, आत्या. बांध हिरवा आहे आणि तो तसाच राहील. म्हणून डुक्कर दिसलं आणि विहीणबाई दिसल्या नाहीत.

फोनवर तू "हाव, बरी हाय" म्हणून मोकळी होतेस, म्हणून हे पत्र. जाड पेनानं लिहिलंय. तुझं तू वाच, कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

एक काम रोज सकाळी करायचं. एक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे बघायचं, मग दुसरा झाकून. गज वाकडे दिसले तर पडद्याखाली पाणी झिरपतंय असं समजून त्याच दिवशी मला कळवायचं. हे विसरायचं नाही.

तुझी,
सुकन्या


शेतावरून
१२ जानेवारी

चि. सुकन्याबाईस आत्याचा आशीर्वाद.

पोरी, तुझं पत्र वाचायला सकाळ गेली. शब्दाकडं नीट बघावं तर शब्द गायब. मग आपल्या कोंबड्या आठवल्या. कोंबडी दाना टिपायच्या आधी मान तिरपी करून बघती का न्हाई? तसंच केलं. एकेक शब्द टिपला. शेजारच्या रानातला सिद्धराम बांधावरून म्हनला, "मावशी, कागदावर रुसलीस काय, तोंड फिरवून बसलीस?" त्याला म्हनलं, तू तुझी तूर बघ.

आता येळवसीचं ऐक. माझ्याम्होरं कुनीतरी बाई येऊन हुबी ऱ्हायली. निळं पातळ दिसलं, हातात डबा दिसला. तोंडाच्या जागी राख फासल्यावानी. म्या म्हनलं, पाहुनी मोठी दिसती, नीट बघावं. म्हनून मान फिरवली. बाजूनं तोंड जरा दिसतंय मला. चष्मा चमकला, तवा कळलं की विहीनबाई. मी "या, बसा, आंबील घ्या" म्हनेस्तोवर बाई निघून गेल्ती. मी बघायला मान फिरवली आन् तिला वाटलं मी तिला टाळून ऱ्हायले. काय बोलावं?

ह्या शेतात येळवसीला वाटसरू उपाशी जाऊ देत न्हाईत. माझे मालक, तुझे मामा, गेल्यावर मी एवढी वर्सं पंगत घातली. आन् माझी विहीन माझ्या कोपीतून न जेवता गेली. ते मला लई लागलंय.

तरी सांगू नको. एकदा आंधळी म्हनलं की आज म्हैस सोडतेत, उद्या चूल सोडाय लावतेत. परवा लातूरला तिसऱ्या मजल्यावर टीव्हीम्होरं बसवतेत, आन् मला टीव्हीबी दिसत न्हाई. आदिनाथ लेकरू वाईट न्हाई. भित्रं हाय.

गज बघितले. सरळ हायेत. फिकीर करू नको.

आत्या साखराबाई


नांदेड
१९ जानेवारी

ती. आत्या,
सा. न.

आमच्या कॉलेजात कोंबडी कुणीच सांगितली नाही. सांगितली असती तर सगळ्या वर्गाला एका दिवसात समजलं असतं. तू आपणहून जे केलंस ते आम्ही लोकांना महिनाभर शिकवतो.

आता ते नीट पक्कं कर. वाफा वाळला तर बांधाजवळची एखादी बरी जागा शोधून तिथेच रोज पेरायचं. शब्दाच्या थोडं वर नजर ठेवून बघ, मग खाली, मग डावीकडे, मग उजवीकडे. जिथे ठेवल्यावर अक्षर त्यातल्या त्यात बरं दिसेल, ती तुझी जागा. ती एकदा सापडली की बदलायची नाही. तिथली नजर कधीच वाफ्याइतकी बारीक होणार नाही, हे खोटं सांगणार नाही मी. म्हणून अक्षर मोठं लागेल, उजेड पाठीमागून लागेल, आणि समोरच्या माणसानं आधी आपलं नाव सांगायला लागेल. या तीन गोष्टी मिळाल्या तर तुझी चूल तुझ्याकडेच राहील, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन. तू सांगू दिलंस तर.

गेल्या आठवड्यात किनवटला आश्रमशाळेत तपासणीला गेलो होतो. मुलांना अंगठा धरून दाखवायला सांगितला. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग वाघाला आपण कसे दिसतो?" मी म्हणाले, आपण हललो तर लवकर दिसतो. तेव्हापासून तपासणी संपेपर्यंत रांगेत कुणी हललं नाही.

इथली बातमी म्हणजे, आमचा दवाखाना अहमदपूरला डोळे तपासणीचं केंद्र काढतोय. तिथे जायला कुणी तयार नाही. सगळ्यांना नांदेडच हवं. मला मात्र जूनमध्ये हैदराबादला पुढचं शिकायला जागा मिळतेय. बाबा गावभर सांगत फिरताहेत. आपल्या घरात माझ्याआधी बारावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं आणि आता हैदराबाद. आठवी ते दहावी तुझ्याकडे राहून अहमदपूरला शाळा केली नसती, तर हे काहीच झालं नसतं.

सौदामिनीकाकूंना फक्त मान फिरवण्याचं कारण सांगू का? बाकी काही नाही.

तुझी,
सुकन्या


शेतावरून
२९ जानेवारी

चि. सुकन्याबाईस आशीर्वाद.

जागा सापडली. शब्दाच्या जरा वर, डाव्या अंगाला. ह्या बारीला पत्र एका चहात वाचून झालं. सिद्धराम मला चालीवरून वळखू येतो, त्यो डाव्या पायावर जोर देतो. म्हैस तर मला आवाजावरूनच कळती, तिचं काय.

संक्रांतीला मालविकेनं फोन केला न्हाई. आदिनाथनं केला, "तीळगूळ घे" म्हनला आन् फोन ठेवला. आधी फोनवर नातीचा गोंधळ ऐकू यायचा, आता तिबी येत न्हाई. लेकाच्या घरात माझ्या नावानं शांतता झालीय. तू विहीनबाईला सांगू नको अजून. मीच सांगीन. धीर गोळा करून ऱ्हायले.

एक काम तुझ्या बापाला सांग. गोठ्यापाशी लाईटचा खांब हाय, त्यो मधीच वाकलाय. म्हशीवर पडायचा. सिद्धरामला म्हनलं, वायरमनला बोलव. तर त्यो हासून ऱ्हायला. "मावशी, खांब ताठ हाय, तूच वाकलीस." म्या म्हनलं, उजवा डोळा झाकून बघ की मेल्या, कसा सापावानी झालाय. तरी म्हनतो सरळ. आजकालच्या पोरांना नजर न्हाई.

तुझं हैदराबाद ऐकून लई गोड वाटलं. जा. आमच्या मागं कुनी थांबून ऱ्हाऊ नये.

आत्या


लातूर
१३ फेब्रुवारी

चि. सुकन्या,

हे पत्र तिसऱ्या मजल्यावरून. मी म्हनलं व्हतं तेच झालं.

त्या दिशी तू माझं पत्र हातात घेऊनच एसटीतून उतरलीस. चहाबी घेतला न्हाईस. "आत्या, खांब सरळ आहे," एवढंच म्हनलीस आन् माझी पिशवी भरलीस. मला तुझा राग आला व्हता. आता सांगते, गज मला पहिल्यापासून वाकडे दिसत व्हते, डाव्या डोळ्याला. तुला खोटं लिहिलं. वाटलं, खरं लिहिलं तर नेतील. आन् खांबाचं लिहिताना ध्यानातच आलं न्हाई की खांब आन् गज एकच गोष्ट हाय. मला खरंच वाटलं खांब वाकला.

डोळ्यात सुई म्हनल्यावर जीव गेला व्हता. पन तुमच्या दवाखान्यातली डॉक्टरीनबाई चांगली. "आजी, आणखी पंधरा दिवस थांबला असता तर डावा गेलाच होता," म्हनली. आता दर महिन्याला सुई. आता आदिनाथला सगळं कळलं. दवाखान्याच्या बाकड्यावर लेकरावानी रडला. "आई, मी तुला नाटकी म्हणालो." म्या म्हनलं, म्हनूदे, आता गाडी काढ.

त्यानं गाडी काढली ती इकडं आनली.

इथं मालविका चहा हातात देती, पानी हातात देती. वाईट वागत न्हाई, पन कामाबिगर बोलत न्हाई. तिची आई खालच्या गल्लीत ऱ्हाते, ती वर आली न्हाई. म्हैस सिद्धरामकडं बांधलीय. इथं खिडकीतून म्होरच्या बिल्डिंगची भिंत. काही हलत न्हाई बघ. माझ्या डोळ्याला हलनारं लागतंय. शेतात पाखरू उडालं, कनीस डोललं, म्हशीनं शेपटी मारली, की मला सगळं शेत दिसतंय. हितं मी खरंच आंधळी झाले.

रागावू नको.

आत्या


नांदेड
२३ फेब्रुवारी

ती. आत्या,
सा. न.

रागावले नाही. मीच शिकलेली, आणि तू "सरळ हायेत" लिहिलंस ते मीही पटकन मानलं. मला ते मानायचं होतं म्हणून.

पुढचं वाचून कदाचित तू रागावशील. तुला न विचारता मी रविवारी लातूरला आले होते आणि तुझ्याकडे वर न येता सौदामिनीकाकूंकडे गेले. आता सगळ्यांना सगळं कळलंय, त्यामुळे माझा शब्द सुटला असं मी धरलं.

काकू दारातच म्हणाल्या, "तुझी आत्या आजारी आहे, समजलं मला. वाईट वाटलं. पण मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय. ज्याला मला बघायचं नसतं तो कसा मान फिरवतो, ते मला चांगलं माहीत आहे."

मी वाद घातला नाही. दवाखान्यातला एक साधा चष्मा नेला होता, दोन्ही काचांवर मधोमध काळा गोल कागद चिकटवून. म्हणाले, "काकू, हा घाला आणि मला चहा करून द्या."

"परीक्षा घेतेस काय?" असं म्हणत त्यांनी घातला. साखरेचा डबा सापडला, दूध उतू गेलं. उतू जाताना मात्र ते कडेनं बरोबर दिसलं. कप माझ्यापुढे आणून ठेवला आणि मी विचारलं, "काकू, मी हसतेय की रडतेय, सांगा."

त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. मग थोडं थांबून तोंड भिंतीकडे वळवलं आणि काचेच्या कडेनं माझ्याकडे बघायला लागल्या.

"काकू," मी म्हणाले, "तुम्ही माझ्यापासून मान का फिरवलीत?"

आत्या, त्यांनी चष्मा काढला नाही. तसंच कडेनं बघत म्हणाल्या, "मी तर डबाभर भजी घेऊन आले होते गं. तिच्या हातची आंबील प्यायची म्हणून सकाळपासून उपाशी होते."

मी त्यांना हेही सांगितलं की कागदाचा डाग फसवा आहे. डोळा फिरवला की तो बाजूला राहतो. तुझा डाग नजरेबरोबर फिरतो, त्याच्यापासून पळता येत नाही. त्या म्हणाल्या, "पुरे. कळलं. मास्तरीण आहे मी."

चष्मा त्यांनी ठेवून घेतला. मालविकावहिनीला घालायला लावणार म्हणाल्या.

तुझी,
सुकन्या


लातूर
६ मार्च

चि. सुकन्याबाईस आशीर्वाद.

रागावले व्हते, अर्धा दिवस. मग विहीनबाई आली.

जिना चढून आली, दम लागलेला. माझ्या डाव्या अंगाला बसली आन् म्हनली, "विहीणबाई, मी सौदामिनी. निळं नाही, आज हिरवं पातळ नेसलेय." म्या म्हनलं, हिरवं दिसतंय मला, मी काय आंधळी हाय का? मग दोघीबी लई हासलो. आंबील करून आनली व्हती. पातळ झाली व्हती, तसं सांगितलंबी. म्हनली, "पुढच्या येळवसीला तुम्ही शिकवा."

आता मालविकाबी घरात शिरताना "आई, मी" म्हनती. नात तर बाथरूमातून आली तरी नाव सांगती, "आजी, मी हाय मी."

पन घरी जायचं नाव काढलं की आदिनाथ दुसरंच बोलतो. काल रात्री जेवताना म्हनला, "आई, तुला तिथं जमतं, मला पटलं. सुकन्यानं समजावलं, सासूबाईंनी समजावलं. पण दर महिन्याला सुई आहे, मधेच काही वाकडं दिसलं तर त्याच दिवशी नेणारं कुणी हवं. तू खोटं लिहितेस. तुझ्याजवळ राहणारं, तुझं खोटं वळखणारं एक माणूस मला दाखव, मी त्या दिवशी गाडी काढतो."

त्याचं चुकलं न्हाई. असं मानूस कुठून आनू? तुझ्या बापाला स्वतःचं शेत हाय. सिद्धराम मला खांब सरळ म्हनतो, पन का म्हनतो ते त्याला कळत न्हाई.

म्हैस आटली असंल. बघू. डावा डोळा बरा हाय. भिंत जरा सरळ दिसती.

आत्या


शेतावरून
२२ मार्च

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार.

वरचं गाव वाचून चुकलं असं समजू नकोस. मी तुझ्या ओट्यावर बसून लिहितेय.

म्हैस आटली नाही. सिद्धरामदादानं सोमवारी परत आणून बांधली. पहिल्या दिवशी तिनं मला लाथ मारली. तो म्हणाला, "आवाज वळखीचा न्हाई ना तुझा, नाव सांगून जवळ जा." आता मी रोज नाव सांगून जवळ जाते.

विहिरीच्या काठाला आणि ओट्याच्या पायऱ्यांना चुन्याची जाड पट्टी मारली. पांढरी कड काळ्या दगडावर तुला लांबून दिसेल. भाकरीची परात काळी आणली, म्हणजे पीठ उठून दिसेल. तुझ्या लाकडी पेटीवरची देवाची तसबीर मात्र हलवली नाही, तू तिला डोळे झाकून नमस्कार करतेस हे मला माहीत आहे.

दादाला सांग, आंधळं माणूस म्हणजे कोण, याचं उत्तर मला अजून येत नाही. अहमदपूरच्या केंद्रात पहिल्याच दिवशी एका आजोबांना नातीनं आणलं. बाहेरच म्हणाली, "मॅडम, हे नाटक करतात. पेपर दिसत नाही म्हणतात आणि चिमणी दिसते." मी तिला म्हणाले, हात लांब कर आणि अंगठ्याकडे बघ. ती बघत राहिली. आजोबा भिंतीकडे तोंड करून माझ्याकडे बघत होते.

हो, केंद्रात. मी मागून घेतलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "वेडी आहेस, हैदराबाद सोडून?" मी म्हणाले, हैदराबाद कुठे जात नाही, पण इथल्या लोकांचे वाकडे खांब आजच वाकडे आहेत. केंद्राची गाडी दर आठवड्याला पेशंट घेऊन नांदेडला जाते. तुझ्या सुईच्या दिवशी तू त्यातच बसायचंस. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझी ट्रंक त्यांनीच एसटीच्या टपावर चढवली.

तू लिहिलं होतंस की तुमच्या मागं कुणी थांबून राहू नये. मी थांबले नाही. जिथून निघाले होते, तिथे काम करायला आले आहे. आठवीत इथूनच सायकलवर शाळेत जात होते, आता त्याच रस्त्यानं केंद्रात जाते.

दादाला तुझ्याजवळ राहणारं आणि तुझं खोटं ओळखणारं माणूस हवं होतं. पाडव्याला गाडी काढायला सांग. सौदामिनीकाकूंनाही आण. पोचल्यावर आधी चहा नाही, आधी उजवा डोळा झाकून गोठ्याजवळचा खांब बघायचा आणि कसा दिसतो ते खरं सांगायचं.

हैदराबादला नाही म्हणून कळवलं आहे. तुझी खाट उजेडाकडे सरकवली आहे. माझी तिच्या शेजारी टाकली आहे.

तुझी,
सुकन्या